बगलेतली उशी

"तो उशीवाला लाव गं," मामा म्हणाला.

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मामीने त्याला चार घोट पेज पाजली होती आणि ती आत भांडी आवरत होती. खोलीत डेटॉलचा आणि कापराच्या तेलाचा मिळून एक वास भरून राहिलेला असायचा, तो होता. त्या आठवड्यात त्याला झोप अशी लागतच नव्हती, म्हणून मी रोज रात्री पलंगाशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्याला काहीतरी लावून द्यायचे. कधी जुनी नाट्यगीतं, कधी क्रिकेटची एखादी जुनी मॅच. त्या रात्री त्याला जॉन वेन हवा होता, तो घोड्यावरच्या बंदूकवाल्यांची कामं करणारा अमेरिकी नट, आणि तोही नेमका उशीवाला. मी म्हणाले, "तो मिळत नाही मामा. शोधला मी." शोधला नव्हता. दोन मिनिटांत मिळाला असता. मामाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मान हलवली. "बरं. मग डोळ्यावर पट्टीवाला लाव."

याला आता दीड वर्ष होत आलं. बाकीचे दिवस, त्या औषधांच्या वेळा, ते रिपोर्ट, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. हे एवढं बोलणं मात्र तसंच्या तसं आठवतं. भाजी निवडताना आठवतं, सिग्नलला गाडी थांबली की आठवतं.

उशीवाला म्हणजे 'द शूटिस्ट', 1976 चा, जॉन वेनचा शेवटचा सिनेमा. मी तो तोवर पाहिलेला नव्हता, पण त्यात काय आहे ते मला वाचून माहीत होतं. सुरुवातीलाच एक म्हातारा बंदूकबाज गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर त्याला तोंडावर सांगतो, तुला कॅन्सर आहे, फार पुढे गेलाय. आणि आमच्या घरात तर ठरलं होतं की मामाला काही सांगायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं होतं, प्रोस्टेटमधून हाडात गेलंय. पॅसेजमध्येच आमचं ठरलं, आणि खोलीत शिरताना प्रत्येकाने आपापला चेहरा नीट करून घेतला. मामाला सांगितलं, हाडं झिजलीत, वयामुळे. अशा माणसासमोर तो सिनेमा कसा लावणार?

मामा खडकीला टर्नर होता. सहा फुटाला एखाद-दुसरा इंच कमी, हाताची बोटं ऑइलने कायमची काळवंडलेली. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून अलका टॉकीजला न्यायचा. तिथे इंग्रजी पिक्चर लागायचे. मला इंग्रजी यायचं नाही, त्यालाही वेनचं इंग्रजी फारसं कळत नसावं. अर्धे शब्द घशातच राहणारं ते बोलणं आम्हाला तिथे बसून काय समजणार? पण मामा म्हणायचा, बोलण्याकडे बघू नको, चालण्याकडे बघ. वेनची ती चाल, एक खांदा जरा पुढे, पाऊल टाकताना जमिनीला विचारून टाकल्यासारखं, ती मामाला पाठ होती. अलकातून बाहेर पडल्यावर चौकापर्यंत तो तसाच चालायचा, आणि मी त्याच्या मागून, तशीच.

'शूटिस्ट' त्याने एकट्याने पाहिला. मला नेलं नाही. मी रुसले, म्हणून रात्री अंगणात बसून त्याने गोष्ट सांगितली. एक म्हातारा असतो, घोड्यावरून गावात येतो, खोगिरावर लाल मखमलीची उशी घेऊन बसलेला. मी विचारलं, उशी कशाला? मामा म्हणाला, "पाठ दुखते त्याची." मला ते फार आवडलं होतं. एवढा मोठा बंदूकवाला आणि त्याची पाठ दुखते. पुढे कित्येक दिवस मी आजीची उशी ओट्यावर ठेवून तिच्यावर घोडा घोडा खेळत असे.

त्या रात्री पट्टीवाला लावला. 'ट्रू ग्रिट', 1969. वेन तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. पोट सुटलेलं, एका डोळ्यावर काळी पट्टी, दारू पिऊन घोड्यावरून पडतो आणि पडल्या पडल्या फर्मान काढतो की आजचा मुक्काम इथेच. मामा तिथे इतका हसला की त्याला ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावत आली. मी खूश. चार स्वार समोर, हा एकटा, लगाम दातात धरून दोन्ही हातांत बंदुका घेऊन घोडा उधळतो, तेव्हा तर मामाने पांघरुणातून हात बाहेर काढला होता. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, हाच लावला.

पण त्या सिनेमाचा शेवट मी विसरले होते. बर्फ पडलंय. ज्या पोरीच्या बापाच्या खुन्याला शोधायला हा पट्टीवाला निघालेला असतो, ती मॅटी, हात झोळीत अडकवलेली, त्याला आपल्या घरच्या दफनभूमीत घेऊन येते. सांगते, तुला कुणी नाही, तर माझ्याशेजारी तुला पुरायला जागा ठेवते. अगदी साधेपणाने, आपल्याकडे 'जेवूनच जा' म्हणतात तसं. तो म्हणतो, इतक्यात येऊन ती जागा अडवणार नाही. मग घोड्यावर बसतो, तिला सांगतो की कधीतरी ये या लठ्ठ म्हाताऱ्याला भेटायला, आणि कुंपणावरून उडी मारून निघून जातो, हातातली टोपी हलवत. चित्र तिथेच गोठतं. मी मामाकडे पाहायचं टाळलं. तो काही वेळाने म्हणाला, "चांगली पोरगी आहे ती." आणि कूस बदलायला माझा हात धरला.

तो गेल्यावर मी वेनचे म्हातारपणीचे सिनेमे एकेक करून पाहायला घेतले. दुःख घालवायला म्हणून नाही, नुसती तहान लागल्यासारखे. लहानपणी ज्याच्यामागे चालले तो वेन तरणा होता, निदान पडद्यावर तरी. घोड्यावर ताठ, दारातून आत येताना चौकट अपुरी पडणारा. हा म्हातारा वेन मला माहीतच नव्हता, आणि आता माझं वय असं आहे की मला हाच जवळचा वाटतो.

1964 च्या सप्टेंबरात त्याच्यावर फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. डावं फुप्फुस आणि काही बरगड्या काढल्या. ही गोष्ट दडवावी असं त्याला सांगणारी माणसं होती. घोड्यावर बसून पैसे मिळवणाऱ्या नटाला असा आजार परवडतो कुठे? पण वर्ष संपायच्या आत त्याने वर्तमानपत्रवाल्यांना स्वतःच सांगून टाकलं की मला कॅन्सर होता आणि मी त्याला हरवलाय. ज्या काळात तिकडेही लोक त्या रोगाचं नाव घेताना आवाज खाली आणत, त्या काळात. आणि 1965 च्या जानेवारीत तो मेक्सिकोत दुरांगोला 'द सन्स ऑफ केटी एल्डर'च्या चित्रीकरणाला हजर. त्यात गार पाण्याच्या नदीत पडण्याचा प्रसंग आहे. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. गोष्टीत काय चाललंय याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्याची छाती बघत होते.

वाक्य मधेच तोडून बोलण्याची त्याची लकब जुनीच. दोन शब्द, मग एक थांबा, मग उरलेलं वाक्य. तरुणपणी त्या थांब्यात दरारा असायचा, पुढे काय बोलेल कोण जाणे. शस्त्रक्रियेनंतरच्या सिनेमांत थांबा तोच, पण आता तिथे श्वास घेतला जातो. नीट कान दिला तर ऐकू येतो. मामाचंही शेवटच्या महिन्यात असंच झालं होतं. "खिडकी," म्हणायचा, थांबायचा, मग "लाव." त्या मधल्या जागेत आम्ही सगळे श्वास धरून उभे.

सगळेच म्हातारपणीचे सिनेमे काही चांगले नाहीत. 'मॅकक्यू' आणि 'ब्रॅनिगन' या दोन पोलिसी सिनेमांत त्याला घोड्यावरून उतरवून मोटारीत बसवलंय आणि तो त्या मोटारीत अवघडलेला दिसतो. ते मी अर्धवट सोडले. 'रूस्टर कॉगबर्न'मध्ये पट्टीवाला म्हातारा परत येतो, सोबत कॅथरीन हेपबर्न. दोघंही 1907 च्या मे महिन्यात जन्मलेले, दोन आठवड्यांच्या अंतराने. गोष्टीत दम नाही, पण ती दोघं एकमेकांशी ज्या मायेने भांडतात ते बघत राहावं.

आणि मग 1972 चा 'द काउबॉइज'. सोन्याच्या मागे सगळे गडी निघून जातात, तेव्हा विल अँडरसन नावाचा म्हातारा शेतकरी शाळेतली अकरा पोरं घेऊन चारशे मैल गुरं हाकत निघतो. त्याची स्वतःची दोन मुलं केव्हाच गेलेली, घराजवळच पुरलेली. पोरांशी तो कडक वागतो, कधी चुकीचंही वागतो, आणि चुकतोय हे त्याच्या चेहऱ्यावर आधी येतं, शब्दांत नंतर, किंवा येतच नाही. वेन हे किती छान करतो. मध्येच, सिनेमा संपायला बराच वेळ असताना, ब्रूस डर्नने केलेला गुरंचोर त्याला गोळ्या घालतो. पाठीत, हातात, पायात. वेन मरायला हवा तसा मरत नाही, एकदम कोसळत नाही. रात्रभर तग धरतो आणि सकाळी त्या पोरांमध्ये पडून सांगतो की मुलं आपल्यापेक्षा चांगली निघावीत असं प्रत्येक माणसाला वाटतं, आणि तुम्ही तशी निघालात. माझ्या मामाला मूल नव्हतं. तो हा सिनेमा पाहताना कुठे बसला असेल, बाल्कनीत की खाली, हे मला उगाचच जाणून घ्यावंसं वाटलं.

इथे मला थांबून एक सांगायला हवं, कारण ते गिळून पुढे जाता येत नाही. 'काउबॉइज'च्या आदल्याच वर्षी, 1971 मध्ये, एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत याच माणसाने म्हटलं होतं की काळे लोक शिकून जबाबदार होईपर्यंत गोऱ्यांचंच वर्चस्व असावं असं तो मानतो. मूळच्या रहिवाशांकडून तो देश घेतला यात काही गैर झालं असंही त्याला वाटत नव्हतं. वाचून मला मळमळलं. व्हिएतनामच्या युद्धाची बाजू घेणारा सिनेमा त्याने काढला होता, तो मी पाहिला नाही, पाहणारही नाही. आणि 'काउबॉइज'मध्ये पोरांचा स्वयंपाकी काळा आहे, रोस्को ली ब्राउनने केलेला, त्या अख्ख्या काफिल्यातला सगळ्यात शहाणा आणि सुसंस्कृत माणूस. म्हातारा त्याच्याशी बरोबरीने बोलतो. म्हातारा गेल्यावर पोरांना सांभाळतो तो हाच. पडद्यावरच्या वेनला जे कळतं ते बाहेरच्या वेनला का कळू नये? या प्रश्नाचं मला काही करता आलेलं नाही. मामाला त्या मुलाखतीचा पत्ता नव्हता. असता तर त्याने काय केलं असतं? तो स्वतः कारखान्यात युनियनसाठी उपाशी बसलेला माणूस. बहुधा बराच वेळ गप्प बसला असता, आणि मग म्हणाला असता की चालण्याकडे बघ. पण मला ते पुरत नाही. मी दोन्ही मनात ठेवून पाहते, आणि पाहताना ते दोन्ही एकमेकांना टोचत राहतं.

'शूटिस्ट' मी सगळ्यात शेवटी ठेवला होता. एका दुपारी घरात कुणी नसताना लावला.

सुरुवातीला तरुण वेन दिसतो. त्याच्या जुन्या सिनेमांचे तुकडे जोडून जे. बी. बुक्स नावाच्या बंदूकबाजाचं पूर्वायुष्य म्हणून दाखवलेत. एकच माणूस मिनिटभरात डोळ्यांसमोर म्हातारा होत जातो, आणि त्यासाठी रंगरंगोटीची गरज पडत नाही. मग 1901 चा जानेवारी, कार्सन सिटी, घोडागाड्यांच्या जोडीला रस्त्यात मोटारही आलेली. बुक्स घोड्यावरून येतो. आणि उतरल्यावर ती लाल उशी काढून बगलेत धरतो.

मी सिनेमा थांबवला.

मामा आजारी पडल्यावर, अजून हिंडता-फिरता होता तेव्हा, त्याला बसायला त्रास व्हायचा म्हणून मेडिकलमधून हवेची रिंग आणली होती. मामीने तिला घरच्याच जुन्या साडीचं डाळिंबी कव्हर शिवलं. भाचेसुनेच्या डोहाळजेवणाला निघालो तेव्हा मी ती रिंग पिशवीत घालायला घेतली, चारचौघांत उगाच कुणी विचारायला नको म्हणून. मामाने पिशवीतून ती काढून घेतली. "असू दे. उघडीच असू दे." आणि डाव्या बगलेत धरून, एक खांदा जरा पुढे करून, तो हॉलमध्ये शिरला. कुणी विचारलंच तर म्हणाला, "पाठ दुखते." तेव्हा मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा हट्ट. आता त्या गोठलेल्या चित्रात वेनची बगल, वेनचा खांदा, ती उशी. म्हणजे मामाने उशीवाला मागितला तो त्या रात्रीच नव्हे. त्याआधी दोन महिने तो आमच्यासमोर तोच सिनेमा चालत होता. आम्ही पॅसेजमध्ये ठरवलेलं सगळं त्याला केव्हापासून माहीत होतं देव जाणे. त्या रात्री त्याने मला एवढंच विचारलं होतं की बाई, आता बोलूया का? आणि मी म्हणाले, मिळत नाही.

बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू केला. डॉक्टरच्या भूमिकेत जेम्स स्ट्यूअर्ट आहे. चौदा वर्षांपूर्वी 'लिबर्टी व्हॅलन्स' या सिनेमात हे दोघं एकत्र होते, आता दोघंही सत्तरीच्या उंबऱ्यावर. बुक्स विचारतो, कापून काढता नाही का येणार? डॉक्टर नाही म्हणतो. किती दिवस? दोन महिने, सहा आठवडे, कमीही, सांगता येत नाही. आणि काय करू शकेन मी? सुरुवातीला वाटेल ते, डॉक्टर सांगतो, नंतर तुला काही करावंसंच वाटणार नाही. अफूच्या अर्काची बाटली त्याच्या हाती येते. कुणी रडत नाही, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. पण स्ट्यूअर्ट बोलताना एकदाही नजर चुकवत नाही. मला त्या डॉक्टरचा हेवा वाटला.

लोक सांगतात की हा सिनेमा करताना वेन स्वतःच कॅन्सरने मरत होता. तसं नव्हतं. पोटाचा कॅन्सर सापडला तो 1979 च्या जानेवारीत, आणि जूनमध्ये तो गेला. 1976 मध्ये तो आजारी पडून काही दिवस कामावर आला नाही हे खरं, थकलेला होता, पण त्या वेळी त्याच्या लेखी तो त्या रोगातून बारा वर्षांपूर्वी सुटलेला माणूस होता. मला हे जास्त मोलाचं वाटतं. मरणाऱ्या माणसाने मरण दाखवलं असतं तर तो नाइलाज झाला असता. ज्याची सुटका झालीय असा माणूस आपणहून त्या खोलीत परत गेला आणि खुर्चीवर बसला. तिथेही त्याच्या डोक्यावर तो टोप होताच, टक्कल त्याने पडद्यावर दाखवलं नाही. एवढं राहिलं त्याचं झाकलेलं. राहू दे.

घरमालकीण लॉरेन बकॉल आहे. तिचा नवरा, नट हम्फ्रे बोगार्ट, 1957 मध्ये कॅन्सरनेच गेला होता. त्यामुळे दोघांमधल्या दृश्यांत, बुक्सचा आजार तिला कळतो तिथून पुढे, तिच्या बोलण्यात एक सवयीची काळजी येते, जी शिकवून येत नाही. दोघं एकदा बग्गीतून फिरायला जातात. काही घडत नाही. थंडीतलं ऊन, कोट, थोडं बोलणं. गावात मात्र त्याच्या मरणावर हात मारायला माणसं रांगेत उभी. वार्ताहराला गोष्ट छापायचीय, न्हावी कापलेले केससुद्धा जपून ठेवतो, अंत्यविधीवाला फुकट पुरायला तयार. हा अंत्यविधीवाला म्हणजे जॉन कॅराडीन, 1939 च्या 'स्टेजकोच'मध्ये तरुण वेनबरोबर त्याच गाडीत बसलेला. आणि शेवटी बुक्स आपला घोडा घरमालकिणीच्या मुलाला देतो, घोड्याचं नाव सांगतो, डॉलर. पडद्याबाहेरही त्या घोड्याचं नाव तेच होतं, आणि वेनचा त्याच्यावर फार जीव होता.

गेल्या गुरुवारी मामीकडे गेले होते. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "तो कुठला गं सिनेमा, हा सारखा सांगायचा तो? घोडा आणि उशी?" मी काही न बोलता लॅपटॉप उघडला. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली, त्याच पलंगावर, भिंतीला टेकून. तिला इंग्रजी कळत नाही. मी सांगत गेले, हा म्हातारा आहे, लांबून आलाय. बुक्स घोड्यावरून उतरला, त्याने उशी काढली, बगलेत धरली.

"थांबव जरा," मामी म्हणाली.

मी थांबवलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, आणि पुढे वाकून बराच वेळ बघत राहिली.

"अस्संच धरायचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "काय झालंय त्याला?"

"कॅन्सर," मी म्हणाले.

"हं," मामी म्हणाली. "लाव पुढे."